पायाशी थांबलेले पाणी

मृग नक्षत्राला अजून दीड-दोन महिन्यांचा अवकाश आहे. मावळातील रस्त्यांवर धूळ उडते आहे, विहिरींचे पाणी तळाला गेले आहे, आणि अशा दिवसांत पावसाच्या पाण्याविषयी लिहिणे काहीसे अवेळी वाटेल. परंतु घराच्या पायाचा पावसाळा आषाढात नव्हे, चैत्र-वैशाखात सुरू होतो. त्याच्या रक्षणासाठी जे काही करावयाचे ते कोरड्या जमिनीतच करता येते. जून सरता सरता लोणावळ्यात घराशेजारी चर खणावयास घेतला, तर गवंडी फावडे ठेवून वर येण्याआधीच त्याच्या कडा ढासळू लागतात.

वाचकहो, आपल्या समाजातील कुटुंबांचे मावळाशी नाते दोन प्रकारचे आहे. तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत, लोणावळा येथील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी घरे आहेत. पुढे दुकान, मागे कोठार, वर राहते घर अशी त्यांची मांडणी. दुसरीकडे पुण्या-मुंबईत व्यापार करून लोणावळा, खंडाळा किंवा पवना धरणाच्या परिसरात सुटीसाठी बंगला बांधलेली कुटुंबे आहेत, आणि त्यांतील बरेच बंगले नेमके पावसाळ्यातच कुलूपबंद असतात. पहिल्या घरात ओल रोज डोळ्यांपुढे असूनही सवयीने दिसेनाशी होते. दुसऱ्यात ती दिसण्यासाठी कोणी हजरच नसते. दोन्ही घरांना लागू पडणारी गोष्ट मात्र एकच आहे. पाऊस पडल्याने पाया बिघडत नाही. पडलेले पाणी पायाशी थांबल्याने तो बिघडतो. आणि ते बहुतेक वेळा आपणच थांबवलेले असते.

आधी आकडे पाहू, कारण व्यापाऱ्याला हिशेब लवकर पटतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात ४००० मिलिमीटरहून अधिक. अंतर मात्र अवघे ६५ किलोमीटरच्या आसपास. मधला मावळ या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि पश्चिमेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने वाढतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. लोणावळ्यातील बंगल्याचे छप्पर १०० चौरस मीटरचे धरले, तर एका मोसमात त्यावरून चार लाख लिटर पाणी खाली येते. १०,००० लिटरचे ४० टँकर. जुलैमध्ये एखाद्या दिवशी २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसाचे दोन टँकर. हे दोन टँकर कोणी आपल्या भिंतीला लावून रिकामे केले असते, तर आपण त्याला खडसावून विचारले असते. गच्चीचा पाइप भिंतीलगत जमिनीवर सोडून दिलेला असतो, तेव्हा तेच घडत असते, आणि त्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

जुन्या घरांत याचा विचार होता. छपराच्या वळचणी भिंतीपासून बऱ्याच पुढे काढलेल्या असत, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून दूर पडत. जोते घडीव दगडाचे आणि उंच असे. पागोळ्यांच्या रेषेत खाली दगड बसवलेले असत, जेणेकरून थेंबांनी खळगा पडू नये आणि शिंतोडे भिंतीवर उडू नयेत. नव्या बंगल्याला सपाट गच्ची असते, वळचण नसते. म्हणून तेथे पन्हळ आणि पाइप यांनीच ते काम करावयाचे असते. पाइपाचे तोंड भिंतीपासून किमान आठ-दहा फूट दूर, उतारावर, शक्यतो बांधीव गटारात सोडावे. हे काम एका दिवसाचे आहे, आणि पायाच्या रक्षणासाठी करावयाच्या सर्व कामांत खर्चाच्या मानाने सर्वाधिक फळ देणारे तेच आहे, असे माझे मत आहे.

बाजारपेठेतील घरांची अडचण निराळी. तेथे जोते मुळात उंच होते. पण दर डांबरीकरणाबरोबर रस्ता वर चढत गेला आणि जोते आपोआप खाली गेले. ज्या दुकानात चढायला तीन पायऱ्या होत्या तेथे आज एकच उरलेली दिसते. रस्त्यावरचे पाणी मग उंबऱ्याशी येते, आणि मागच्या अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना उतार घराकडे झालेला असेल, तर पुढून-मागून दोन्हीकडून पाणी पायाकडे धावते. एक बादली पाणी अंगणात ओतून पाहावे. ते कोणत्या दिशेला वाहते याचे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. भिंतीलगत तीन फूट रुंदीचा कोबा असावा, त्याला बाहेरच्या बाजूस किमान एक इंच उतार असावा, आणि कोबा व भिंत यांमधील फट डांबर किंवा तत्सम लवचीक मसाल्याने बुजवलेली असावी. ती फट उघडी राहिली तर सारा कोबा निरर्थक ठरतो, कारण भिंतीवरून ओघळणारे पाणी नेमके तेथूनच आत उतरते. त्यापलीकडच्या मातीलाही दहा फुटांत सहा इंच उतार मिळाला तर उत्तम; पेठेत तेवढी जागा क्वचितच असते, तेथे बांधीव गटारच हवे.

आता बंगल्यांच्या जमिनीकडे वळतो, आणि येथे थोडे रेंगाळणार आहे. मावळ हा भाताचा मुलूख. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भातखाचरे आहेत, आणि आज जेथे प्लॉट पाडले जात आहेत त्यांतील कितीतरी जमीन काल-परवापर्यंत खाचर होती. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच घडवलेली जमीन. चारी बाजूंनी बांध, आणि दरवर्षीच्या चिखलणीमुळे वीतभर खाली तयार झालेला घट्ट, पाणी न झिरपू देणारा थर. शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्यांनी कष्टाने ते साधलेले असते. आपण तो प्लॉट घेतो, त्यावर दोन-तीन फूट मुरूम टाकतो, वरून जमीन सपाट आणि कोरडी दिसते, आणि बांधकामाला लागतो. पावसाचे पाणी भरावाच्या मुरमातून सहज खाली जाते आणि त्या जुन्या थरावर येऊन थांबते. बाहेर पडायला वाट नसते. घर जणू एका बशीत ठेवलेले असते आणि बशी आपल्या जोत्याखाली भरत राहते.

प्लॉट घेताना म्हणूनच सातबाऱ्यावर केवळ मालकाचे नाव आणि बोजा पाहून थांबू नये. जमीन बिनशेती होण्यापूर्वीचे उतारे मिळवावेत; गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद असते. तेथे वर्षानुवर्षे भात लिहिलेला असेल, तर आपण काय विकत घेत आहोत ते कळते. गावनकाशावर ओढे-नाले दाखवलेले असतात; ज्या ओढ्यावर कंपाउंडची भिंत घातली गेली आहे तो ओढा नकाशावर पुसला गेला तरी आषाढात आपली वाट शोधतोच. शेजारच्या शेतकऱ्याला, ‘दादा, इथे पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?’ एवढे विचारले तरी जे कळेल ते कोणत्याही अहवालाहून कमी मोलाचे नसते. अशा जमिनीत पाया भराव आणि तो थर ओलांडून खालच्या कठीण मुरमापर्यंत किंवा पाषाणापर्यंत नेलाच पाहिजे. घर आधीच बांधून झाले असेल, तर प्लॉटच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून त्या थराखाली जाणारा चर काढून, त्यात छिद्रे असलेला पाइप आणि भोवती खडी घालून, साचलेल्या पाण्याला नाल्यापर्यंत वाट करून द्यावी. खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळावे. नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत माती शिरून पाइप बुजतो. जेथे काळी माती आहे तेथे आणखी एक धोका असतो. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि तिच्यावर टेकलेले जोते दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खचते.

डोंगरउतारावरील बंगल्यांचे दुखणे वेगळे. तेथे जागा सपाट करण्यासाठी वरच्या अंगाला खोदतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला पसरतात. घराचा अर्धा भाग खोदलेल्या पाषाणावर आणि अर्धा भरावावर बसतो. पाषाण हलत नाही. भराव मात्र भिजला की बसतो. पावसाळ्यानंतर घराच्या मध्यावर उभी किंवा तिरकी चीर दिसते ती बहुधा याच सांध्यावर. शिवाय सह्याद्रीचा काळा पाषाण थरांनी बनलेला आहे. पाणी फटींतून उतरते आणि एखाद्या घट्ट थरावर अडले की आडवे वाहत बाहेर येते. श्रावणात डोंगरकडेला जागोजागी झरे फुटतात ते असेच. आपण घरासाठी डोंगर कापला तर असा झरा नेमका आपल्या मागच्या भिंतीत फुटू शकतो. त्यावर भिंतीला आतून कोणताही लेप लावून उपयोग नाही. घराच्या वर, डोंगराच्या बाजूला, पाणी अडवून दोन्ही कडांनी वळवून नेणारा चर हवा. घाटातील रेल्वेमार्गावर कापलेल्या दरडींच्या माथ्यावर असेच चर काढलेले असतात.

मागच्या संरक्षक भिंतीविषयी एक हिशेब लक्षात ठेवावा. भिंतीमागे दोन मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. मातीचा भार याहून वेगळा. म्हणून अशा भिंतीत ठराविक अंतरावर पाणी जाण्यासाठी भोके ठेवतात आणि त्यांमागे खडीचा थर देतात. भोकांतून गढूळ पाणी येऊन अंगण खराब होते म्हणून ती सिमेंटने बुजवलेली अनेक बंगल्यांत पाहावयास मिळतात. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मोठ्या पावसात पुण्यातील कोंढवा भागात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलेही होती. तेथे पावसाखेरीज इतर कारणेही होती, परंतु आपल्या भिंतीच्या खालच्या बाजूला कोण झोपते हा प्रश्न प्रत्येक बंगलेमालकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. बहुधा राखणदाराची खोली तेथेच असते.

कामशेतजवळ पाले गावाच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेख डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी वाचला. अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा तो लेख त्यांनी जैन मानला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात लेण्याबरोबर पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, कोरवल्याची नोंद आहे. याच मावळातील भाजे येथेही अशी टाकी आहेत, आणि कान्हेरीसारख्या लेणीसमूहात डोंगरावरचे पाणी पन्हळींनी टाक्यांत नेण्याची व्यवस्था आजही पाहता येते. निवासाची जागा आणि पाण्याची जागा त्या लोकांनी एकाच वेळी ठरवली. आपण आधी घर बांधतो, आणि पाण्याची आठवण पहिल्या ओलीनंतर होते.

पाणी साठवण्यावरून एक सावधगिरी सांगतो. पावसाचे पाणी जमिनीत जिरवणे हे पुण्यकर्मच, पण ते कोठे जिरवावे याचाही विचार हवा. तळेगाव-वडगावकडे घरापासून दूर घेतलेला शोषखड्डा विहिरीला लाभदायक ठरतो. लोणावळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये जमीन आधीच तुडुंब असते. तेथे भिंतीजवळचा शोषखड्डा म्हणजे पायाला दिलेले निमंत्रणच. जमिनीतील पाण्याची टाकी पायालगत असेल तर तिचीही परीक्षा घ्यावी. रात्री सर्व नळ आणि वरची मोटर बंद करून पातळीवर खूण करावी; सकाळी ती उतरलेली असेल, तर आपल्या पायाला बारमाही पावसाळा लागलेला आहे.

आता घराच्या आतल्या बाजूविषयी. भिंतीला लोणा लागला, रंगाचे पोपडे सुटले, की आपण प्रथम रंगाच्या दुकानात जातो. तेथे ओलरोधक रसायनांचे डबे असतात, आणि ते विकणाराही बहुधा आपलाच बंधू असतो, त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच होतो. पण ओल खालून चढत असेल, तर आतून लावलेला लेप तिला थांबवत नाही; ती लेपाच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तेथून बाहेर पडते. दगड-विटांच्या जुन्या भिंती चुन्याच्या असतील, तर त्यांवर सिमेंटचा गिलावा मुळीच करू नये. चुना ओल सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते. ओल कोठून येते हे ओळखण्याची सोपी युक्ती अशी : प्लॅस्टिकचा हातभर तुकडा फरशीवर किंवा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला जमले तर ती हवेतील आहे, आणि तेथे खिडकी उघडणे हाच उपाय.

कोठारात धान्याच्या किंवा साखरेच्या थप्प्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून लावाव्यात, हे आपल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. एवढेच म्हणतो की थप्पी भिंतीपासून दूर असली, तरच भिंत दिसते.

ओलीचा प्रश्न आपल्या घरांत केवळ पैशाचा नाही. शेवाळ आणि बुरशी एकदा धरली की तिला हात लावायचा नाही, खरवडायची नाही, म्हणून ती धरूच द्यायची नाही, असे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचे सांगणे असते. चातुर्मासापूर्वी जिने, ओटे आणि वाटा कोरड्या राहतील अशी काळजी घेण्यामागे हीच जयणा आहे. वाळवीचेही तसेच. नव्या बांधकामात पायाच्या मातीत वाळवीनाशक विष ओतण्याची पद्धत रूढ आहे, आणि ठेकेदार ते विचारतही नाही, अंदाजपत्रकात धरूनच देतो. जमिनीतून चढणाऱ्या वाळवीला ओल लागते. पायाशी पाणी न थांबणे, लाकूड मातीला न टेकणे आणि जोत्यालगत जुन्या फळ्या-खोक्यांचा ढीग नसणे, एवढे पाळले तर तिचा संभव पुष्कळ कमी होतो. तो नाहीसा होतो असे मी म्हणणार नाही. परंतु विष ओतायचे की नाही, या प्रश्नाला सामोरे जाण्यापूर्वी एवढे तरी करून पाहणे आपल्या हाती आहे.

घराला चिरा दिसू लागल्या की घाबरून जाऊ नये, आणि दुर्लक्षही करू नये. गिलाव्यावरच्या केसासारख्या चिरा बहुधा वरवरच्या असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एका टोकाला रुंदावत गेलेली चीर पायाच्या हालचालीची असू शकते. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना बसवून शेजारी तारीख लिहावी. पावसाळ्यात काच फुटली तर चीर जिवंत आहे असे समजून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. गवंड्याला बोलावून ती भरून घेऊ नये.

वाटणी झालेल्या घरांत हे सारे अधिक अवघड होते. मोठ्या बंधूंच्या छपराचे पाणी धाकट्यांच्या चौकात पडते, मधली पन्हळ कोणाची यावर एकमत नसते, आणि पाया तर दोघांचा एकच असतो. वाटणीपत्रात खोल्या, माळे, दुकानाचे गाळे अगदी हाताने मोजून लिहिलेले असतात. पन्हळीची ओळ मात्र राहून जाते. ज्यांच्याकडे वाटणी व्हावयाची आहे, त्यांनी ती लिहून घ्यावी. ज्यांच्याकडे झालेली आहे, त्यांनी अक्षय्यतृतीयेच्या निमित्ताने भावाकडे जाऊन खर्च निम्मा-निम्मा ठरवावा. रक्कम बहुधा त्या दिवशीच्या मिठाईहून फार मोठी नसते.

राहिला कुलूपबंद बंगला. पहिला मोठा पाऊस सुरू असताना कोणीतरी अर्धा तास छत्री घेऊन घराभोवती फिरणे आवश्यक आहे, कारण पाणी कोठे थांबते हे कोरड्या दिवशी कितीही पाहिले तरी नीट कळत नाही. मालकाला जमत नसेल तर राखणदाराला फोनवर चित्रण करून पाठवण्यास सांगावे : गच्चीच्या पाइपांची तोंडे, मागच्या भिंतीची भोके, वरच्या अंगाचा चर, नाल्याची जाळी. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून जात आहे. आणि एवढ्या पावसातही काहीच येत नसेल, तर ती बुजलेली आहेत, आणि राखणदाराच्या कुटुंबाला त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवावे.